जाताना बारा, येताना चौदा

ठमी कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर प्लास्टरचे साचे, मेण, बारीक कोरण्या आणि दुसऱ्यांचे दात. चौतीस वर्षांची ही बाई संध्याकाळी घरी आली की हात धुवायची, चहा टाकायची आणि कप घेऊन जी बसायची ती व्हिडिओ गेम खेळायला. ‘छंद’ हा तिचा स्वतःचा शब्द. तिची आई ‘खूळ’ म्हणायची. प्रयोगशाळेतल्या मुख्य बाई ‘व्यसन’ म्हणायच्या, पण हसून, कारण ठमीइतकी सुबक दाढ दुसऱ्या कुणाच्या हातून उतरत नसे. ही बोटं गेमनेच तयार केली आहेत, असं ठमीचं ठाम मत होतं.

नव्या गेमचं तिला वावडं नव्हतं, पण जीव होता तो जुन्यांवर. ज्यांची प्लास्टिकची जाडजूड डबी यंत्राच्या डोक्यावर खटकन बसवावी लागते, आणि नाही चालली तर काढून, फुंकून परत बसवावी लागते, ते गेम. अशा डबीला ती आणि तिच्यासारखे बाकीचे वेडे ‘काडतूस’ म्हणायचे. एकदा मावशीचा फोन आला तेव्हा ठमी घाईत म्हणाली होती, “नंतर बोलते गं, काडतुसं घ्यायला चाललेय, दुकान बंद होईल.” मावशीने फोन ठेवला आणि थेट ठमीच्या आईला लावला, “पोरगी कुठल्या लोकांत उठते-बसते याची काही खबर आहे का तुला?”

तीच मावशी गेले चार महिने ठमीच्या घरी मुक्कामाला होती.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मोजणी कार्यालयात छत्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेली. मूलबाळ नाही, काका गेल्यापासून एकटीच राहायची आणि त्याचा तिला अभिमान होता. मग एके दिवशी स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या पायरीवर ती पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. ठमीची आई दुसऱ्या गावी, ठमीच्या भावाच्या जुळ्या पोरांत गळ्यापर्यंत बुडालेली. तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत मावशीने ठमीकडे राहायचं असं ठरलं. प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चाला, फिरा. मावशी चालली, काठी घेऊन, पण घरातल्या घरात. ठमी दुसऱ्या मजल्यावर राहायची. मावशी दारापर्यंत जायची, जिन्याकडे बघायची आणि परत फिरायची.

“अगं, डॉक्टर म्हणालेत ना, पाय ठणठणीत आहे,” ठमी म्हणायची.

“पायाचं नाही गं काही,” मावशी म्हणाली एकदा. “तीस वर्षं रोज उतरत होते ती पायरी. त्या दिवशी वाटलं, संपली. आणि ती संपली नव्हती. जिला घरातली पायरी कळली नाही तिने रस्त्यावर काय जायचं?”



मावशीवर तिचा जीव होता. पण खोटं कशाला बोला, ती कंटाळलीही होती. घर म्हणजे एक झोपायची खोली, एक स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि त्याच खोलीत मावशीचा पलंग. ठमी खेळायला बसली की मागून उसासा यायचा. आवाज बंद करून खेळावं लागायचं. मारामारी ऐन रंगात आली की मावशी विचारायची, “हे कधी संपतं?” किंवा, “तुझ्या वयाच्या बायका काय करतात संध्याकाळी?” ठमी दात आवळून म्हणायची, “कवळ्या काढून झोपतात.” मावशीला ते विनोदी वाटायचं नाही.

शनिवारी कामावरून अर्धा दिवस सुट्टी. तेव्हा ठमी काडतूसवाल्यांकडे जायची. काडतूसवाले म्हणजे पन्नाशीचे एक गृहस्थ. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता एका इमारतीच्या जिन्याखाली जुने गेम आणि यंत्रं विकत होते. दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने वाट बघायची. पण ठमीला तिथे गेलं की बरं वाटायचं. धुळीचा आणि गरम प्लास्टिकचा वास, भिंतभर डब्या, आणि “काय नवीन?” असं विचारल्यावर “नवीन काय असणार, सगळं जुनंच,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या शनिवारी त्यांनी गल्ल्याखालून एक डबी काढली. कडा उन्हाने पांढुरक्या पडलेल्या. वरच्या चित्रात एक माणूस मशाल घेऊन जिना उतरत होता.

“‘सात तळघरं’. तुमच्यासाठी बाजूला ठेवली. पण आधीच सांगतो, यात नकाशा दिसत नाही. समोर भिंत दिसते, दार दिसतं, बास. कुठे आहोत ते आपलं आपण कागदावर मांडायचं.”

“मांडू की,” ठमी म्हणाली.

“आणि इंटरनेटवर बघितलंत की मजा गेली.”

“मी बघत नाही. तो माझा नियम आहे.”

नियम होता खरा, पण मांडणं काही जमेना. गेममध्ये एक बटण दाबलं की एक पाऊल पुढे, दुसरं दाबलं की डावीकडे वळायचं, तिसरं दाबलं की उजवीकडे. चारी बाजूंनी सारख्याच दगडी भिंती. दोन वळणं घेतली की आपण आलो कुठून तेच कळेना. प्रयोगशाळेतल्या जुन्या फॉर्मांच्या पाठीमागे ठमी रेघा ओढायची, खोडायची, चिकटपट्टीने दुसरा कागद जोडायची. आठवडा झाला तरी ती पहिल्याच तळघरात घाण्याला जुंपल्यासारखी फिरत होती.

एका संध्याकाळी ती चहा आणायला आत गेली आणि परत आली तर मावशीच्या हातात तो कागद होता.

“हे काय आहे? उंदरांनी कुरतडलंय का?”

“नकाशा आहे,” ठमी म्हणाली आणि म्हणताक्षणी तिला पस्तावा झाला.

मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद सरळ धरला, उलटा धरला. “उत्तर कुठेय?”

“कशाचं उत्तर?”

“उत्तर दिशा, ठमे! ज्यावर उत्तर दिशा नाही त्याला नकाशा म्हणत नाहीत, चिटोरं म्हणतात. आणि हे प्रमाण काय धरलंयस? हा बोळ दोन बोटं आणि हा चार बोटं. दोन्ही सारखेच लांब आहेत का?”

“बहुतेक.”

“बहुतेक!” मावशीने असा चेहरा केला, जणू कुणी तिच्या देखत जमीन चोरली असावी. मग तिने पडद्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट. “एकदा दाबलं की एक पाऊल?”

“हो.”

“प्रत्येक पाऊल सारखंच? चढ-उतार नाही, मधे विहीर नाही, कुणाची भाऊबंदकी नाही?”

“नाही. चौकोनच चौकोन. वीस बाय वीस.”

“मग रडतेस कशाला? असली जमीन आम्हाला छत्तीस वर्षांत एकदा मिळाली नाही.” मावशी पलंगाच्या कडेला सरकून बसली. “उद्या येताना आलेखाचा कागद आण. मोठा. आणि कडक शिशाची पेन्सिल, मऊ आणू नकोस, पसरते. खोडरबर पांढरं.”

दुसऱ्या दिवशी ठमी जेवणाच्या सुट्टीत लेखनसाहित्याच्या दुकानात गेली. मावशीने चार महिन्यांत पहिल्यांदाच औषधांखेरीज काही मागवलं होतं. दुकानदाराने तीन प्रकारच्या पेन्सिली दाखवल्या तेव्हा ठमीने तिन्ही घेतल्या, वर एक लांब पट्टी आणि कागद ठेवायची गुंडाळीची नळीही घेतली.

आणि मग त्या घराची संध्याकाळ बदलली. ठमी जमिनीवर बसायची, मावशी तिच्यामागे पलंगावर, मांडीवर पाट, पाटावर कागद.

“बोल.”

“पुढे तीन. डावीकडे दार. समोर भिंत.”

“उजवीकडे?”

“भिंत.”

“बघून सांगतेयस की अंदाजाने?”

ठमी उजवीकडे वळून बघायची. “भिंत आहे, बाई, भिंत आहे.”

राक्षस आला की मावशी डोळे मिटून घ्यायची. “ते तुझं तू निस्तर. मेला की सांग.” पण तो कुठल्या चौकोनात मेला तिथे ती आठवणीने लाल टिंब करायची. पहिलं तळघर चार दिवसांत झालं. कागदावर ते असं उमटलं होतं की ठमी बघतच राहिली. भिंतींना दुहेरी रेघ, दारांना छोटी कमान, जिन्याला बारीक आडव्या रेषा, कोपऱ्यात उत्तरेचा बाण आणि खाली सुबक अक्षरात ‘तळघर क्रमांक एक’. इतकी वर्षं मावशी ‘ऑफिसात आहे’ एवढंच तिला माहीत होतं. मावशी ऑफिसात काय करायची ते आज दिसलं.

दुसरं झालं, तिसरं झालं. आता ठमीला कामावरून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी मावशी दारातच विचारायची, “आज बस नव्हती का?” प्रयोगशाळेत मुख्य बाई सकाळी सकाळी विचारायच्या, “कितव्या तळघरात आहेत मावशी?” पाचव्याच्या शेवटी तर मावशीनेच सांगितलं, “इथे किल्ली असणार. एवढी जागा कुणी उगाच मोकळी सोडत नाही.” आणि किल्ली तिथेच निघाली.

सहाव्या तळघरात मात्र घोडं अडलं.

सगळा मजला फिरून झाला. चारशे चौकोनांतले जवळजवळ सगळे भरले. खाली जायचा जिना कुठेच नाही. एक आठवडा गेला, दुसरा लागला. तेव्हा मावशी म्हणाली, “आता फेरमोजणी. आमच्याकडे एकच रेघ दोनदा मोजायचे, एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहायचे. मी आळस केला. मशीनची जमीन म्हणून विश्वास टाकला.”

बोळ एकेक करून तपासायला घेतले. जाताना सात, येताना सात. जाताना पाच, येताना पाच. मग आला पूर्वेकडे जाणारा मोठा बोळ. ठमीने मोठ्याने मोजलं. मावशीने रेघा मारल्या. जाताना बारा. वळली, परत आली. मावशी रेघांकडे बघत राहिली.

“काय झालं?”

“चौदा आले.”

“छे. तेवढाच बोळ आहे.”

“पुन्हा जा.”

ठमी पुन्हा गेली. पण तिचं त्या दिवशी डोकं उठलं होतं, प्रयोगशाळेत एक अख्खी कवळी परत आली होती, आणि ती मोजता मोजता बडबडत होती. मावशीच्या रेघा या वेळी जाताना अकरा आणि येताना चौदा भरल्या. मावशीने खोडलं. कागद त्या जागी पातळ झाला.

“जाऊ दे ना, मावशी,” ठमी म्हणाली. “चुकलं असेल मोजताना. वय झालं की व्हायचंच.”

 मावशीने पेन्सिल डबीत ठेवली. डबीचं झाकण लावलं. कागद गुंडाळून नळीत घातला.

“हो,” ती म्हणाली. “तेच म्हणतेय मी इतके महिने.”

त्यानंतर दोन दिवस नकाशाचं नावसुद्धा निघालं नाही. मावशी खिडकीशी बसून राहिली. ठमीने माफी मागायचा प्रयत्न केला तर मावशी म्हणाली, “अगं, त्यात काय, खरं तेच बोललीस,” आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. ठमीला जीभ हासडून टाकावीशी वाटली. त्या दोन दिवसांत तिला टीव्ही हवा तसा मिळाला, आवाजही मोठा करता आला, आणि तिने यंत्राला हातसुद्धा लावला नाही.

रविवारी सकाळी मावशी आंघोळीला गेली. ठमीने उगाच यंत्र सुरू केलं. मोठ्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. या वेळी तिने कामावरची युक्ती केली. दातांचे नमुने ठेवायच्या पेटीतले प्लास्टिकचे दात ओंजळभर घेतले आणि प्रत्येक पावलाला एक दात जमिनीवर ठेवत गेली. जाताना बारा दात. येताना खालच्या ओळीत चौदा.

तिने सगळे दात गोळा केले आणि पुन्हा पहिल्यापासून ठेवले. बारा आणि चौदा. तिसऱ्यांदा. बारा आणि चौदा.

ती उठली आणि बाथरूमच्या दारावर थापा मारायला लागली. “मावशी! चौदा!”

“काय?”

“चौदाच आहेत! येताना चौदा! तू बरोबर होतीस!”

“अगं, अंगाला साबण आहे माझ्या!”

पण साबण कसाबसा धुतला गेला असावा, कारण पाच मिनिटांत मावशी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. जमिनीवर दातांच्या दोन ओळी बघून आधी दचकली, मग काठी बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी खाली बसली. घोटा मोडल्यापासून ती पहिल्यांदाच जमिनीवर बसली होती, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

“वाटेत काही खूण आहे का? दार, खांब, काहीही.”

“भिंतीवर एक मशाल आहे.”

“मशालीपर्यंत मोज. जाताना आणि येताना.”

जाताना मशालीपर्यंत चार आणि पुढे आठ. येताना मशालीपर्यंत आठ आणि तिथून पुढे सहा.

मावशीने बोटाने दात मोजले. ओठ हलत होते. मग तिने दातांच्या वरच्या ओळीतले शेवटचे आठ दात पट्टीने अलगद बाजूला सरकवले आणि मधे दोन दातांची जागा केली. दोन्ही ओळी टोकाला टोक जुळल्या.

“जाताना आपल्याला कुणीतरी उचलून दोन घरं पुढे ठेवतं,” ती म्हणाली. “आपल्या नकळत. मशालीच्या अलीकडे. येताना मात्र आपण त्या दोन घरांवरून चालत येतो. ती घरं दाखवायचीच नव्हती त्यांना. का नव्हती?” तिने ठमीच्या दंडाला धरलं. “येताना चल. मशालीनंतर प्रत्येक पावलाला थांब. दोन्हीकडच्या भिंती ढकल.”

पहिल्या पावलाला काही नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्या पावलाला ठमीने डावीकडची भिंत ढकलली आणि दगड घरघरत आत सरकला. पलीकडे खाली जाणारा जिना होता.

ठमी एवढ्याने ओरडली की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून चौकशी केली. मावशी ओरडली नाही. ती जमिनीवर तशीच बसून राहिली, टॉवेल सुटून खांद्यावर आलेला. “माझं चुकलं नव्हतं तर,” ती म्हणाली. चहा पिताना पुन्हा म्हणाली. केस विंचरताना, आरशात बघून, आणखी एकदा.

मग दुपारी, भांडी लावता लावता, तिने सहज विचारावं तसं विचारलं, “ठमे, तुमच्या जिन्याला पायऱ्या किती गं?”

आठ वर्षं राहून ठमीला माहीत नव्हतं. मावशीने चपला घातल्या. एक हात कठड्यावर, एक ठमीच्या खांद्यावर. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मोठ्याने मोजत ती उतरली. मधल्या वळणावर थांबली, कपाळ पुसलं, ठमी म्हणाली, “परत जाऊ या का?” तर मावशी म्हणाली, “अर्धवट मोजणी वहीत लिहीत नाहीत.” खाली अठ्ठावीस भरल्या. फाटकापाशी पाच मिनिटं उन्हात उभ्या राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघत. वर येतानाही अठ्ठावीस भरल्या. मावशी धापा टाकत होती, पण चेहरा उजळला होता.

सातवं तळघर तीन आठवड्यांत संपलं. शेवटचा राक्षस ठमीने अकराव्या प्रयत्नात लोळवला. पडदा काळा झाला आणि एक ओळ आली : ‘शाब्बास, शूर वीरा.’ मग काहीच नाही.

“एवढंच?” मावशी म्हणाली.

“एवढंच.”

“अगदी माझ्या निरोप समारंभासारखं.”

त्याच महिन्यात कामगार भवनाच्या सभागृहात जुन्या गेमचा वार्षिक बाजार होता. ठमी दरवर्षी जायची, वर्षभर त्याची वाट बघायची. या वर्षी ती निघाली तेव्हा मावशी दारात तयार उभी होती, इस्त्रीची साडी, हातात काठी आणि काखेत नकाशांची नळी.

“ती कशाला?”

“असू दे. तुमच्या काडतूसवाल्यांना दाखवीन म्हणते. त्यांनी गेम दिला, त्यांना कळायला नको?”

सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. लांबच लांब टेबलं, त्यांवर काडतुसांच्या चवडी, वायरींची भेंडोळी, पिवळी पडलेली यंत्रं, आणि टेबलांभोवती सगळ्या वयांची माणसं खोक्यांत डोकी घालून. ठमीला नेहमीसारखं झालं, इकडे बघू की तिकडे. मावशीला काडतूसवाल्यांच्या टेबलामागे खुर्ची मिळाली. ठमी फेरी मारून अर्ध्या तासाने परत आली तर टेबलाभोवती घोळका.  मावशी पुन्हा पडली की काय?

ती माणसांतून वाट काढत पुढे घुसली. सातही नकाशे टेबलावर पसरले होते, कोपऱ्यांवर काडतुसं वजन म्हणून ठेवलेली, आणि मावशी काठीच्या टोकाने दाखवत होती, “हे बघा, जाताना बारा, येताना चौदा.”

“हे हाताने काढलंय?” एका टकल्या माणसाने विचारलं.

“मग काय पायाने? पाय तर मोडला होता.”

लोक हसले. टकला मात्र नकाशावर वाकून राहिला. “मी शाळेत असताना सहाव्या तळघरात वर्षभर अडकलो होतो,” तो म्हणाला. “शेवटी मोठेपणी इंटरनेटवर बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. हे कुणी आपलं आपण शोधलेलं मी पहिल्यांदा पाहतोय.”

“ठमीने मोजलं,” मावशी म्हणाली. “दातांनी.”

तो प्रसंग समजावून सांगायला बराच वेळ लागला.

दुपारी ठमीला कोपऱ्यातल्या एका टेबलावर ‘सात तळघरं’चा दुसरा भाग दिसला, चक्क खोक्यासकट. असं खोकं तिच्या ऐपतीत कधी बसत नसे, पण याची किंमत निम्मी होती. तिने दोनदा वाचली.

“यात दोष काय आहे?” तिने विचारलं.

विकणारी मुलगी प्रामाणिक होती. “काडतूस चालतं. पण या भागात खोक्यात छापील नकाशा यायचा. तो हरवलाय. त्याच्याशिवाय खेळता येत नाही म्हणून कुणी घेत नाही.”

मागून काठीचा टकटक आवाज आला. मावशी कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

“नकाशा नाही म्हणून स्वस्त?” मावशीने विचारलं.

“हो.”

“घे गं ठमे, घे. पदरात पडलंय.”

परतताना बसमध्ये दोघींना जागा मिळाली. खोकं ठमीच्या मांडीवर, नळी मावशीच्या. मावशी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “सोमवारी मी माझ्या घरी जाते.”

 चार महिने नव्हे, आता जवळजवळ सहा, ठमीने याच वाक्याची वाट बघितली होती. आता ते आलं तर तिने मांडीवरचं खोकं घट्ट धरलं.

“घाई काय आहे?” ती म्हणाली.

“घाई नाही. पण माझं घर आहे, मला जायला हवं. त्या पायरीला पट्टा रंगवून घेणार आहे, पिवळा. कठडाही. सगळं मापात.” मावशीने तिच्या हातावर हात ठेवला. “आणि तूही जरा पाय पसरून बस गं बाई तुझ्या घरात. मला काय कळत नव्हतं?”

ठमीला रडू आलं आणि हसूही. तिने “काहीतरीच काय” असं म्हटलं, पण ते दोघींनाही पटलं नाही.

सोमवारी मावशी गेली. पहिल्या संध्याकाळी ठमी बाहेरच्या खोलीत खरोखर पाय पसरून बसली आणि मोठ्या आवाजात गाड्यांची शर्यत खेळली. मजा आली. दुसऱ्या संध्याकाळीही आली. तिसऱ्या संध्याकाळी तिने दुसऱ्या भागाचं काडतूस बसवलं, पहिल्या खोलीत उभी राहिली आणि फोन उचलला. “मावशी, तीन दारं आहेत.” पलीकडून कागदाचा आवाज आला. “उत्तरेला तोंड करून उभी आहेस का?”

तेव्हापासून बुधवारी फोनवर आणि शनिवारी मावशीच्या घरी, अशी रीत पडली. शनिवारी ठमी कामावरून सुटली की यंत्र पिशवीत घालून दोन बस बदलून जायची. पाचव्या का सहाव्या शनिवारी ती पोचली तर दार नुसतंच लोटलेलं होतं. आत एक नवा, म्हणजे जुनाच पण मोठा टीव्ही, आणि त्याखाली एक यंत्र. काडतूसवाल्यांनी स्वतः येऊन जोडून दिलं होतं आणि चहा पिऊन गेले होते, हे नंतर कळलं. मावशी पलंगावर ताठ बसली होती. दोन्ही हातांत बटणांची पेटी, जीभ दातांत धरलेली. पडद्यावर एक छोटा शेतकरी ओळीने कोबी लावत होता.

“मावशी! तू खेळतेयस?”

“खेळत नाहीये,” मावशी मान न वळवता म्हणाली. “चौकोनी वाफे आहेत यात. लोक कसेही आखतात, मी फक्त नीट करून ठेवतेय.”

“बरं. मग बंद कर आता, आपलं तळघर राहिलंय.”

“थांब जरा. बस. पाणी घालायचं राहिलंय अजून.” आणि ठमी समोर उभी राहिली तशी मावशी काठीने तिला हलकेच ढोसत म्हणाली, “सरक गं, सरक, पुढचं दिसत नाही.”